बोगद्यातल्या खुंटीवरचा बिल्ला

डोझरकाकूंचं खरं नाव आमच्या वीज केंद्रात फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे त्या डोझरकाकू. कोळशाच्या साठ्यावर बुलडोझर चालवायचा, नवा आलेला कोळसा पसरायचा, दाबून घट्ट करायचा आणि जुना पुढे ढकलायचा, हे त्यांचं काम. त्या साठ्याला आम्ही डोंगर म्हणायचो. बाहेरून आलेले पाहुणे हे ऐकून हसायचे, पण एकदा पायथ्याशी उभं राहून मान वर केली की त्यांचं हसू आपोआप थांबायचं.

काकू बुटक्या आणि रुंद. डोझरच्या केबिनमध्ये चढताना त्यांचा पाय पहिल्या पायरीला पुरत नसे, म्हणून वेल्डरच्या मागे लागून त्यांनी एक जास्तीची पायरी जोडून घेतली होती. मुळात त्या कोळशाचे नमुने गोळा करायच्या कामावर लागल्या होत्या. एके दिवशी डोझरवाला आला नाही, कोळशाच्या गाड्या खोळंबल्या आणि मुकादमाने वैतागून विचारलं, "येतं का इथे कुणाला हे धूड चालवायला?" काकू म्हणाल्या, "मला येतं." येत नव्हतं. रोज बघून बघून डोक्यात बसलं होतं, तेवढंच. संध्याकाळपर्यंत आलं. त्यानंतर डोंगर त्यांचाच झाला. "बाईमाणूस आणि तिकडे वर?" असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "मग काय, डोंगर खाली आणू तुमच्यासाठी?"

या डोंगराच्या पोटातून एक बोगदा जातो. बोगद्याच्या छताला लोखंडाचं एक भलंमोठं नरसाळं बसवलेलं आहे, त्याला हॉपर म्हणतात. डोंगरातला कोळसा हॉपरमधून खालच्या फिरत्या पट्ट्यावर पडतो आणि पट्टा तो बॉयलरच्या माथ्यावरच्या बंकरमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीत, नेऊन टाकतो. पट्टा सुरू झाला की हॉपरवरचा कोळसा खचू लागतो, आणि त्यावर माणूस असो की यंत्र, तेही त्याच्याबरोबर खाली जातं. म्हणून हॉपरच्या आसपास काम करायचं असेल तर आधी बोगद्याच्या तोंडाशी जायचं, तिथल्या खुंटीवर आपला पितळी बिल्ला अडकवायचा आणि मगच वर चढायचं, अशी पद्धत. खुंटीवर बिल्ला असेपर्यंत पट्टा सुरू होत नसे. आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला होता ते मला कधी सापडलं नाही, पण तो मोडलेलाही मी कधी पाहिला नाही.

खुंटीवर नजर ठेवायचं काम बोगद्यातल्या माणसाचं. तो काकूंचा नवरा. म्हणजे तेव्हा नव्हता, नंतर झाला. पाळी संपली की काकू बिल्ला काढायला खाली यायच्या आणि हा मुकाट माणूस खुंटीखाली स्टुलावर बसलेला असायचा. पट्ट्याच्या खडखडाटाने त्याचे कान तरुणपणीच निकामी होत आले होते. त्यामुळे या दोघांची प्रेमाची बोलणी सगळ्या केंद्राने ऐकली. "लग्न करता का?" काकूंनी विचारलं. "काय?" "लग्न!" "कुणाचं?" हा संवाद कंट्रोल रूमपर्यंत पोचला होता असं जुने लोक शपथेवर सांगतात. लग्नानंतर सगळे त्यांना बोगदेकर म्हणू लागले.

पुढे दिवस पालटले. उन्हावरची आणि वाऱ्यावरची वीज आमच्यापेक्षा स्वस्त झाली आणि आमचे बॉयलर एकेक करून थंड पडले. शेवटी एकच उरला. वरून निर्णय आला की केंद्र बंद करायचं नाही, पण रोज चालवायचंही नाही, राखीव ठेवायचं. आभाळ भरलं, वारा पडला की पेटवायचं. ऊन आलं की विझवायचं. "पाहुणे आले की माळ्यावरून काढायची गादी झालोय आपण," काकू म्हणायच्या. माणसं कमी झाली. बोगद्यातली जागाच रद्द झाली. पट्टा आता कंट्रोल रूममधल्या पडद्यावरून सुरू होऊ लागला, आणि पुढे तर बंकर रिकामा होत आला की आपला आपणच. बोगदेकर मुदतीआधी निवृत्त होऊन फाटकासमोरच्या वसाहतीत घरी बसले. खुंटी मात्र कुणी काढली नाही. काकू बिल्ला लावत राहिल्या.

त्यांच्या घरात एक माणूस पलीकडच्या पक्षातलं होतं, ती त्यांची सून. रस्त्याच्या पलीकडे, जिथे आमचं राखेचं तळं होतं, तिथे आता मोठमोठ्या पांढऱ्या पेट्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक पेटीत बॅटऱ्या. वीज जास्त असेल तेव्हा त्यांत भरून ठेवायची आणि दिवेलागणीला द्यायची. सून तिथे पाळीप्रमुख. मुलगा जहाजावर, वर्षातला बराचसा काळ समुद्रात. त्यामुळे सकाळच्या चहाला सासू, सून आणि दोघींच्या मधे काहीच न ऐकणारे बोगदेकर, असा थाट असे. मी शेजारी, म्हणून बहुतेक वेळा चौथा कप माझा.

"आई, तुमचा डोंगर संपला की काय करणार?" सून विचारायची.

"तुझ्या पेट्यांवर चढून बसेन."

"आमच्याकडे असं चढता येत नाही. पेटी उघडायची तर आधी खटक्याला स्वतःचं कुलूप लावावं लागतं. प्रत्येकाचं वेगळं. किल्ली आपल्या खिशात. कुलूप निघेपर्यंत वीज सुरूच होत नाही."

"कुलूप!" काकू हसल्या. "एकमेकांवर एवढाही भरवसा नाही का गं तुमचा?"

"भरवसा आहे हो. पण बघणारा असला काय, नसला काय, कुलपाला फरक पडत नाही."

"काय म्हणतेय?" बोगदेकरांनी विचारलं.

"तुम्हाला कुलूप घालू म्हणतेय!"

"घाला," बोगदेकर म्हणाले. "चहा घेतल्यावर घाला."

मी सांगतोय त्या आठवड्यात आभाळ एकदाही उघडलं नव्हतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. पवनचक्क्यांची पाती उभीच्या उभी. आमचा बॉयलर पेटवलेला होता आणि दूर मोठ्या शहरात बसणारा मुख्य नियंत्रण कक्ष मागेल तेवढी वीज आम्ही देत होतो.

कोळसा नुसता पडून राहिला की आतून तापतो. रोज हलता असताना हा त्रास नव्हता. राखीव झाल्यापासून डोंगर आठवडेच्या आठवडे तसाच पडून असे आणि कुठे ना कुठे धुमसत असे. त्या दिवशी हॉपरच्या बाजूला वाफ दिसली. शिफ्टचा साहेब तरुण होता, शांत, काकूंना मान देणारा. तो म्हणाला, "बंकर भरलेला आहे, काकू. दुपार कलेपर्यंत पट्टा लागणार नाही. तेवढ्यात ती जागा दाबून घेता का? आत हवा राहिली तर पेट घेईल."

काकू बोगद्याच्या तोंडाशी गेल्या, खुंटीवर बिल्ला अडकवला आणि वर चढल्या. खुंटीकडे बघायला आता कुणी नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण पितळ लोखंडावर वाजल्याचा तो टण् आवाज कानावर पडला की त्यांचे पाय निर्धास्त पडायचे. पुढे त्यांनीच मला सांगितलं, "डोक्याला माहीत होतं हो. कानाला माहीत नव्हतं."

दुपारी मुख्य कक्षाने भार वाढवला, म्हणजे जास्त वीज मागितली. बंकर अंदाजाच्या कितीतरी आधी रिकामा होत आला आणि पट्टा आपला आपण सुरू झाला. साहेब तेव्हा बॉयलरच्या एका अडून बसलेल्या पंख्यात गुंतला होता. पडद्यावरची हिरवी खूण त्याच्या नजरेला पडली तोवर पट्टा बराच वेळ फिरला होता.

त्याने खिडकीतून वर पाहिलं. डोंगराचा माथा सपाट होता, आणि धोका त्यातच होता. कोळसा सैल असेल तर पट्टा सुरू होताच वर खळगा पडतो, धोका दिसतो, माणूस मागे सरतो. इथे काहीच खचलं नव्हतं. पडून, भिजून आणि काकूंच्याच डोझरखाली दबून वरचा थर लादीसारखा झाला होता. खालून कोळसा जात होता, आत पोकळी वाढत होती आणि लादी जागच्या जागी होती. लादीवर काकू होत्या.

साहेबाने एका हाताने पट्टा बंद केला, दुसऱ्याने वॉकीटॉकी उचलला. "काकू, हॉपरपासून लांब व्हा! पट्टा सुरू झाला होता, मागे—"

पिवळा डोझर होता तिथे नव्हता.

आवाज फारसा झालाच नाही. भांडार माझ्याकडे होतं, मी त्याच्या दारात उभा होतो. भरलेली गोण जमिनीवर टाकावी तसा एकच धप्प आवाज आणि मग काळ्या धुळीचा लोट. लगेच भोंगा झाला. आम्ही सगळे डोंगराकडे धावलो आणि पायथ्याशी थबकलो, कारण पुढची कुठली लादी पोकळ आहे ते सांगणारं माणूस आत गाडलं गेलं होतं.

"काकू? काकू!" साहेब वॉकीटॉकीवर ओरडत बाहेर आला. नुसती खरखर. तो पुन्हा ओरडला. मग आतून खोकला ऐकू आला.

"ओरडताय कशाला?" काकू म्हणाल्या. "मी काय बोगदेकर आहे?"

कुणीतरी हुंदका आणि हसू यांच्या मधलं काहीतरी केलं.

"लागलंय का, काकू?"

"डावं दार आत दबलंय, पाय त्यात अडकलाय. समोरची काच शाबूत आहे, डावीला तडा गेलाय. चहूकडे कोळसाच कोळसा. इंजिन बंद केलंय मी, नाहीतर धूर कोंडला असता." मधे एक मोठा श्वास. "पट्टा बंद आहे ना?"

"केला, बंद केला."

"पडद्यावरून, का खटक्यावरून?"

"पडद्यावरून," साहेब म्हणाला. पडद्यावरून बंद केलेला पट्टा पडद्यावरून सुरूही होतो. आमच्या पडद्यावरून आणि शहरातल्याही. आता तो थोडा जरी फिरला असता तरी डोझर आणखी खाली ओढला गेला असता आणि त्या तडकलेल्या काचेची शाश्वती नव्हती.

"ह्यांना खाली पाठवा," काकू म्हणाल्या. "बोगद्यात खुंटीशेजारी मोठा खटका आहे, दांड्याचा. तो ओढला की कुणाच्या बापाला पट्टा सुरू करता येत नाही."

"बोगदेकरांना? काकू, ते घरी असतील..."

फाटकावरचा पहारेकरी मधेच बोलला. "साहेब, ते आले. भोंगा झाला तसे अनवाणीच आले. मी हात करून डोंगर दाखवला, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ बोगद्यात उतरले."

बोगदेकरांना बोलणं ऐकू येत नसे, पण भोंगा माणूस कानाने ऐकत नाही, पोटाने ऐकतो. साहेबाने ते वॉकीटॉकीवर काकूंना सांगितलं.

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या. "आता घाई न करता काढा मला."

घाई न करणं आमच्या हातात नव्हतं. साहेबाच्या खिशातला फोन वाजत होता. मुख्य कक्षातला आवाज थंड होता, उद्धट नव्हता. "तुमचा पट्टा बंद दिसतोय. बंकर किती पुरेल?"

"भार उतरवला तर थोडा वेळ निघेल."

"भार उतरवता येणार नाही. वारा नाही, ऊन नाही. तो सगळा पट्टा... म्हणजे तो सगळा भाग, दवाखान्यासकट, तुमच्यावर आहे."

"डोंगरात माणूस अडकलाय."

"किती वेळ लागेल?"

"मला माहीत नाही."

"मला काहीतरी सांगावं लागेल हो वर."

तेवढ्यात सून आली. रस्ता ओलांडून धावत आली होती, डोक्यावर पांढरं हेल्मेट, आणि तिच्या मागे घरघरत एक पोकलेन. पेट्यांच्या नव्या रांगेचा पाया खणायला ठेकेदाराने आणलेलं ते लांब हाताचं यंत्र तिने चालकासकट उचलून आणलं होतं. तिने साहेबाच्या हातातून फोन घेतला.

"माझ्याकडून घ्या. पेट्या भरलेल्या आहेत."

"बाई, तो साठा दिवेलागणीसाठी राखीव आहे. आत्ता दिला तर संध्याकाळी काय देणार?"

"संध्याकाळी अंधार झाला तर लोक शिव्या देतील. आत्ता पट्टा सुरू झाला तर माझी सासू जाईल."

पलीकडचा माणूस बहुधा कुणालातरी विचारत होता. मग म्हणाला, "सोडा. भार तुमच्यावर टाकतोय. केंद्राला उतरू दे."

तिने फोन परत दिला, आपल्या माणसांना वायरलेसवर दोन सूचना दिल्या आणि साहेबाचा वॉकीटॉकी घेतला. "आई."

"तू इकडे कशाला? पाळीवर आहेस ना?"

"पाळीवरच आहे. तुमची वीज मी देतेय."

"मग इकडे आत एक दिवा दे की."

पोकलेनवाल्याने डोंगराकडे पाहून डोकं खाजवलं. "चढू कुठून? हे आतून पोकळ असेल तर मीही जाईन. आजीबाई, रस्ता सांगा."

"आजी कोण रे?" आतून आवाज आला. "वजनकाट्याच्या बाजूने ये. तो उतार मी स्वतः दाबलाय, रणगाडा चढवलास तरी हलायचा नाही. माझ्यापासून हात पुरेल इतक्याच अंतरावर थांब. आणि उजवीकडून काढ, डावीकडे काच तडकलीय."

तो आला. यंत्राचा लांब हात पुढे होई, एक घास काढी, आणि वरून तितकाच कोळसा पुन्हा घसरून येई. भांडारातल्या जुन्या फळ्या मी बाहेर काढून दिल्या. त्या घसरत्या कडेला आडव्या ठोकल्या, दोर कमरेला बांधून माणसं फावडी घेऊन उतरली. कुणी बोलत नव्हतं. फक्त सून बोलत होती, कारण काकूंचा आवाज मंद होत चालला होता. धुमसणाऱ्या कोळशाचा वायू आत शिरत असणार.

"आई, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या द्या."

"तुझा चहा पाणचट असतो."

"आणखी."

"दार आपटतेस. पोरगा माझा समुद्रात पळालाय तो त्या आवाजानेच..." मग बराच वेळ काही नाही. "झोप येतेय गं."

"झोपायचं नाही! आई! ऐकताय का?"

त्याच वेळी कंट्रोल रूममधून साहेबाच्या मदतनिसाची किंचाळी आली. साहेब आत धावला, मी त्याच्या मागे. पडद्यावर पट्ट्याची खूण हिरवी झाली होती. पुढे कळलं ते इतकंच, की शहरात पाळी बदलली होती. नव्या माणसाने बंकर तळाला गेलेला पाहिला, पट्टा बंद पाहिला आणि कळ दाबली. त्याची फार चूक नव्हती. साहेबाचा हात बटणाकडे झेपावला. त्याने पट्टा बंद केला आणि मग आम्ही दोघांनीही पट्ट्याच्या वेगाच्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. तो शून्यावरून हललाच नव्हता.

खाली बोगद्यात बोगदेकरांनी खटक्याचा दांडा ओढून ठेवला होता आणि त्याला पाठ लावून ते स्टुलावर बसले होते. वर हिरवी खूण झाली, विझली, याचा त्यांना पत्ता नव्हता.

"ते नसते तर," साहेब म्हणाला. त्याने शहराला फोन लावला, आणि त्या शांत माणसाला एवढं चढ्या आवाजात बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने बाहेर गलका झाला. डोझरचं पिवळं छत दिसलं होतं. पोकलेन मागे सरली, माणसं हातांनी कोळसा ओढू लागली. उजवी काच उघडी पडली तशी पोकलेनवाल्याने हातोड्याने ती फोडली. आत मान टाकून बसलेल्या काकू हलल्या नाहीत. सून कमरेपर्यंत आत शिरली, त्यांच्या तोंडाला अँब्युलन्समधून आणलेली प्राणवायूची नळी लावली आणि "आई, आई" करत राहिली. वरची सगळी माणसं फावडी धरून तशीच उभी. मग खोकला आला. एक, मग दुसरा, मग अशी उबळ की आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. दाराचा पत्रा कापून पाय सोडवायला वेळ गेला. बाहेर आल्या तेव्हा काकूंचे डोळे आणि दात तेवढे दिसत होते. "कुणी रे तो, आजी म्हणणारा?" त्यांनी विचारलं. पोकलेनवाला माणसांच्या मागे लपला.

त्यांना अँब्युलन्समध्ये चढवेपर्यंत अंधारून आलं होतं. पलीकडच्या पेट्या रिकाम्या होत आल्या होत्या. गावाचे दिवे एकेका भागाने जाऊ लागले होते. फोनवर पुन्हा तो थंड आवाज आला, या वेळी थोडा ओशाळलेला. "बाहेर आल्या ना? मग कृपा करून पट्टा सुरू करा. दवाखाना स्वतःच्या डिझेल इंजिनावर चाललाय, ते फार वेळ टिकणार नाही."

साहेब आणि मी टॉर्च घेऊन बोगद्यात गेलो. बोगदेकर तसेच बसलेले, अनवाणी, पाठ दांड्याला. डोक्यावर खुंटी, खुंटीवर बिल्ला.

"काका, काकू बाहेर आल्या!" साहेब त्यांच्या कानाशी ओरडला. "बऱ्या आहेत! आता खटका लावू या!"

बोगदेकरांनी त्याच्याकडे पाहिलं. "बिल्ला?" ते म्हणाले.

"बिल्ला मी काढतो!"

"लावला त्याने काढायचा."

"अहो, वर कुणी नाही आता!"

"वर कुणी नाही," बोगदेकर सावकाश म्हणाले, "असं धरूनच दुपारी पट्टा सुरू झाला."

साहेबाने पुढे केलेला हात मागे घेतला. फोन त्याच्या खिशात वाजत राहिला, त्याने तो काढला नाही. वळून मला म्हणाला, "जाऊन सांगता का त्यांना? अँब्युलन्स निघाली नसेल तर."

निघतच होती. मी निरोप सांगितला तशी सून भडकली. "आई, पाय मोडलाय तुमचा! आता बोगद्यात कसल्या उतरताय? बाबांना मी सांगते."

"त्यांना तू सांगणार आणि त्यांना ऐकू येणार?" काकूंनी तोंडावरची नळी बाजूला केली. "चला, फिरवा गाडी. दवाखान्यात अंधार असला तर तिथे माझा पाय कोण बघणार आहे?"

अँब्युलन्स बोगद्याच्या तोंडाशी आणली. स्ट्रेचर धरायला पुढे पोकलेनवाला आणि पहारेकरी, मागे दोन फावडीवाले. उतार कोळशाच्या चिखलाने निसरडा, दर पावलाला काकू दात आवळत होत्या, पण तोंडाने "हळू नको रे, नीट चला," हेच चाललं होतं. टॉर्चच्या उजेडात बोगदेकर उठून उभे राहिले. स्ट्रेचर जवळ आलं तरी ते जागचे हलले नाहीत, फक्त बघत राहिले.

"बघताय काय? मीच आहे!" काकू ओरडल्या. "काळी झालेय, इतकंच!"

बोगदेकरांनी वाकून निरखून पाहिलं. "रोज होतेस तेवढीच," ते म्हणाले.

माणसांनी स्ट्रेचर खांद्यापर्यंत उचललं. काकूंनी हात वर केला, तो पोचेना. आणखी उचललं. त्यांनी खुंटीवरून बिल्ला काढला आणि मुठीत घट्ट धरला. तेव्हा कुठे बोगदेकर दांड्यापासून बाजूला झाले. तरी खटका त्यांनी लगेच लावला नाही. स्ट्रेचर वर जाऊन अँब्युलन्सचं दार लागल्याचं मी हात करून सांगितलं, तेव्हा लावला. पट्टा खडखडत सुरू झाला. दिवे यायला त्यानंतरही बराच वेळ गेला, आणि त्या संध्याकाळी गावाने आम्हाला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

काकूंचा पाय जुळून येईपर्यंत आमच्याविषयीचा निर्णयही आला. नवा कोळसा आणायचा नाही. आहे तो डोंगर गरजेप्रमाणे जाळून संपवायचा आणि मग केंद्राला कुलूप. घरी सगळे म्हणाले, आता पुरे. काकू म्हणाल्या, "उभा मी केलाय, उरकणार कुणी दुसरा का?"

परत आल्या त्या सकाळी सून त्यांच्याबरोबर बोगद्यात उतरली. खटक्याच्या दांड्याला वेल्डरने भोक पाडून ठेवलं होतं. सुनेने आपल्या पेट्यांकडचं एक लाल कुलूप खिशातून काढून दिलं. काकूंनी ते लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली कमरेला खोचली. मग खिशातून बिल्ला काढला आणि टण् करून खुंटीवर अडकवला.

"काकू," साहेब म्हणाला, "कुलूप लावलंत ना? आता बिल्ला कशाला?"

काकूंनी खुंटीखाली बोट दाखवलं. तिथे बोगदेकर स्टुलावर बसले होते. ना जागा, ना पगार. मांडीवर चहाचा थर्मास.

"मग ह्यांनी दिवसभर बघायचं कशाकडे?"

"काय म्हणतेय?" बोगदेकरांनी विचारलं. पण काकू वळल्या होत्या. थोडं लंगडत, एका हाताने भिंत धरत, त्या डोंगराकडे निघाल्याही होत्या.